चिंगहाव

चिंगहाव : (लॅ. आर्टेमिसिया ॲनुआ, कुल-कंपॉझिटी अथवा ॲस्टरेसी). हिवतापावरील आर्टेमिसिनीन हे औषध जिच्यापासून मिळते, ती सूर्यफूल कुलातील आशियाई वर्षायू ओषधी. महाराष्ट्रात सुगंधासाठी परिचित असलेला दवणा याच प्रजातीतील आहे. चिंगहावची पाने बारीक विभागलेली व उग्र वासाची असून पिवळसर फुलांची स्तबके अगदी लहान असतात.

चीनमध्ये या वनस्पतीचा उपयोग प्राचीन काळापासून ज्ञात होता. मावांगद्वेई येथील इ. स. पू. १६८ मधील थडग्यात सापडलेल्या रेशमी पटावरील वैद्यकीय लेखनात मूळव्याधीवरील उपचारांत चिंगहावचा उल्लेख येतो. अकराव्या शतकातील औषधिग्रंथकार सू सुंग याने वसंतात फुटणारी तिची कोवळी रोपे खाण्याजोगी असल्याचे नमूद केले. हुडहुडी भरून येणाऱ्या तापावर मात्र तिचा निर्देश चौथ्या शतकातील वैद्य गे हुंग याने केला होता. मूठभर चिंगहाव पाण्यात भिजवून पिळून काढलेला रस प्यावा, अशी त्याची कृती होती. तीत वनस्पती उकळण्याचा उल्लेख नव्हता. सोळाव्या शतकातील ली शिचन याच्या बृहद् ग्रंथातही तापावरील हा उपयोग आढळतो.

व्हिएटनाम युद्धाच्या काळात क्लोरोक्वीनला दाद न देणारा हिवताप बळावला. उत्तर व्हिएटनामने साहाय्य मागितल्यावर २३ मे १९६७ रोजी चीनने ‘प्रकल्प ५२३’ ही गुप्त संशोधन योजना सुरू केली. १९६९ मध्ये बीजिंग येथील संशोधिका तू यूयू यांच्याकडे पारंपरिक औषधांच्या शोधाचे काम आले. त्यांच्या गटाने सु. २,००० नुसखे जमविले व सु. २०० वनस्पतींपासून काढलेले ३८० अर्क उंदरांवर तपासले. चिंगहावच्या अर्काने प्रथम आशा दाखविली; तथापि पुढील प्रयोगांत तो गुण टिकला नाही. गे हुंगची कृती पुन्हा वाचताना, उष्णतेने औषधी द्रव्य नष्ट होत असावे, असे तू यांच्या लक्षात आले. त्यांनी सु. ३५° से. ला उकळणाऱ्या ईथराचा वापर करून कमी तापमानास अर्क काढला व त्यातील विषारी आम्लधर्मी भाग वेगळा केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी या अर्काने उंदरांच्या रक्तातील हिवतापाचे परजीवी पूर्णपणे नाहीसे केले. रुग्णांना देण्यापूर्वी १९७२ मध्ये तू व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यानंतर हायनान बेटावर व बीजिंग येथे रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्याच वर्षी शुद्ध स्फटिकरूप द्रव्यही मिळाले. तेच आर्टेमिसिनीन होय. त्याच्या रेणूतील पेरॉक्साइड सेतू औषधी गुणास कारणीभूत आहे. या कार्याबद्दल तू यांना २०१५ च्या वैद्यकाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

परंपरेने वनस्पती व उपयोगाची दिशा दाखविली. मात्र योग्य जाती, अर्क काढण्याची रीत, शुद्धता व मात्रा प्रयोगांनीच निश्चित झाली. हा भेद आजही महत्त्वाचा आहे. पानांतील आर्टेमिसिनिनाचे प्रमाण जागा, ऋतू व वाण यांनुसार बदलते. त्यामुळे पानांच्या चहातून अपुरी मात्रा मिळून हिवताप उलटण्याचा व परजीवींत प्रतिरोध निर्माण होण्याचा धोका संभवतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अशा वापरास पाठिंबा दिलेला नाही. आर्टेमिसिनीनजन्य औषधे दुसऱ्या हिवतापरोधक औषधाच्या जोडीने दिली जातात. भारतात २०१० च्या राष्ट्रीय धोरणाने फाल्सिपेरम हिवतापाच्या सर्व रुग्णांसाठी असा संयुक्त उपचार स्वीकारला. तरीही पश्चिम कंबोडियात २००८ च्या सुमारास आणि पुढे पूर्व आफ्रिकेतही अंशतः प्रतिरोधी परजीवी आढळले. अर्धसंश्लेषित आर्टेमिसिनिनाची औद्योगिक निर्मिती २०१३ मध्ये सुरू झाली असली, तरी पुरवठ्याचा मुख्य आधार शेतात वाढविलेली हीच वनस्पती आहे.