अंबरनाथच्या शिलालेखातील एक अंक

वांगणीहून कल्याणास जाणाऱ्या प्रवाशाच्या वाटेत अंबरनाथ लागते. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख येतात. पण ते प्राचीन व्यापारी नगर आज नव्या वस्तीखाली लोपले आहे. वालधुनीकाठचे शिवालय मात्र, शिखर भग्न झाले असूनही, उभे आहे.

त्याच्या उत्तरद्वाराच्या तुळईवरील लेखाचा शक भाऊ दाजींनी ७८२ असा वाचला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा निश्चित केला. शतकाच्या एका अंकामुळे मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते! नव्या वाचनास खरा आधार मिळतो तो शिलाहारांच्या वंशावळीचा. लेखातील माम्वाणि, म्हणजेच मुम्मुणि, हा छित्तराजाचा धाकटा भाऊ. आणि छित्तराजाचा भांडुप येथील ताम्रपट शक ९४८ चा आहे. धाकट्याने थोरल्याच्या १६६ वर्षे आधी राज्य करणे संभवतच नाही.

एकाच राजाच्या नावाची ही दोन रूपे मात्र इतिहासकारांनी केवळ पाठभेद म्हणून सोडून दिली, हे योग्य झाले नाही. आद्य मकारातील ‘आ’ व ‘उ’ यांचा हा विकल्प कोकणातील तत्कालीन उच्चाराचा की लेखकाच्या सवयीचा, हे शिलाहारांचे सर्व लेख एकत्र ठेवूनच तपासावयास हवे.