ज्येष्ठमधाची गोळी

इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात लीड्स नावाचे शहर आहे. तिथे १९३७ साली बेरिल जन्मली. त्या काळी तिकडे अकराव्या वर्षी एक परीक्षा असे. मुलाची पुढली शाळा तिच्यावर ठरायची. बेरिल नापास झाली, आणि त्याच सुमारास तिला संधिवाताच्या तापाने गाठले. नऊ महिने इस्पितळात, पुढे पंधरा महिने आरोग्यधामात. हृदयाला धक्का पोचला होता. डॉक्टरांनी बजावले, श्रमाचे काम नको. शिक्षक बंधुभगिनींनो, अशी मुलगी आपल्या वर्गात असती तर खेळाच्या तासाला आपण तिला कडेलाच बसवले असते. मीही तेच केले असते.

१९५५ साली चार्ली बर्टनशी तिचे लग्न झाले. सायकलचा नाद मूळचा त्याचा. तिने तो उचलला आणि नवऱ्यालाच मागे टाकले! भल्या माणसाने मग आपली हौस बाजूला ठेवली नि बायकोच्या सायकलची देखभाल पत्करली. बेरिल रुबार्बच्या मळ्यात राबत असे. रुबार्ब म्हणजे आंबट देठांची एक भाजी. त्या मळ्यातून जाऊन ती सात वेळा जगज्जेती झाली, पण शेवटपर्यंत हौशी खेळाडूच राहिली.

आता १७ सप्टेंबर १९६७ चा दिवस. ओटली सायकल क्लबची शर्यत. एकेकट्याने निघायचे आणि बारा तासांत होतील तेवढे मैल कापायचे. बेरिल पुरुषांच्या मागून सुटली आणि एकेकाला गाठीत गेली. राहता राहिला माइक मॅकनमारा. गडी काही मागे पडलेला नव्हता. पुरुषांचा नवा उच्चांक होईल अशा वेगाने चालला होता. त्याच्या बरोबरीला येताच तिला संकोच वाटला. काहीतरी बोलायला तर हवे! तिने खिशातून ज्येष्ठमधाची गोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली, आभार मानले. ती पुढे निघून गेली.

मॅकनमाराचे मैल भरले २७६.५२, बेरिलचे २७७.२५. पुढली दोन वर्षे एकाही पुरुषाला तो आकडा ओलांडता आला नाही. बायकांत तर तो २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे टिकला.

ऑलिंपिकमध्ये मात्र बायकांची सायकल शर्यत सुरू झाली ती १९८४ साली. तेव्हा बेरिल सत्तेचाळीस वर्षांची होती. सायकल तिने सोडली नाही. १९९६ च्या मे महिन्यात आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवसाची आमंत्रणे वाटायला ती सायकलवरूनच निघाली, आणि वाटेत तिचे हृदय थांबले.