घरगुती संगणकांमधील संचिका स्थानांतरण

घरगुती संगणकांमधील संचिका स्थानांतरण म्हणजे एका संगणकावरील संचिका, अर्थात फाईली, दुसऱ्या संगणकावर उतरवून घेण्याची क्रिया होय. संगणकाची हार्ड डिस्क पुनर्स्वरूपित करण्यापूर्वी, म्हणजेच बोलीभाषेत 'फॉरमॅट मारण्यापूर्वी', ही क्रिया प्रामुख्याने केली जाते. संगणक मंदावणे, विषाणूंचा प्रादुर्भाव होणे, संगणक प्रणाली नव्याने बसवणे किंवा संगणक दुसऱ्या व्यक्तीस देणे ही पुनर्स्वरूपणाची नेहमीची कारणे आहेत. स्थानांतरणात नक्कल करणे, नक्कल तपासणे आणि त्यानंतरच मूळ प्रत पुसणे असे तीन टप्पे असतात. मराठी मजकुराच्या बाबतीत संचिकेसोबत तिचा टंक, म्हणजेच फॉन्ट, नेणेही अनेकदा आवश्यक असते. अन्यथा संचिका सुरक्षित राहूनही तिच्यातील मजकूर वाचता येत नाही.

पुनर्स्वरूपणाचा परिणाम

हार्ड डिस्कवर प्रत्येक संचिकेची जागा दर्शवणारी एक सूची असते. 'जलद' पुनर्स्वरूपणात ही सूची नव्याने तयार केली जाते. मूळ विदा त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तबकडीवर शिल्लक राहते. त्यामुळे पुनर्प्राप्तीच्या आज्ञावलींनी काही संचिका परत मिळू शकतात, मात्र त्यांची नावे व फोल्डरांची रचना बहुधा हरवलेली असते. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत 'पूर्ण' पुनर्स्वरूपण करताना संपूर्ण विभागावर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर जुनी विदा परत मिळत नाही.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह या फिरती तबकडी नसलेल्या साठवण साधनात परिस्थिती अधिक बिकट असते. 'ट्रिम' या आज्ञेमुळे रिकाम्या ठरवलेल्या जागा ते साधन स्वतःच साफ करते. त्यामुळे अशा संगणकावर जलद पुनर्स्वरूपणानंतरही पुनर्प्राप्तीची आशा फारच थोडी असते. म्हणून पुनर्प्राप्तीवर विसंबून पुनर्स्वरूपण करणे अयोग्य मानले जाते.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात संगणकाचा परिचय सहकारी संस्था, शाळा व प्रशिक्षण केंद्रे यांच्यामार्फत झाला. कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोली या गावाजवळील वारणानगर येथे १९९८ मध्ये 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. वारणा सहकारी समूहाच्या परिसरातील सुमारे ७० गावांमध्ये संगणक केंद्रे उभारून ऊस उत्पादकांना माहिती पुरवणे हे त्याचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेने त्याच परिसरातील काही गावांत संगणकांऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोग केला. उपकरणे बदलली तरी त्यांतील नोंदी पुढे न्याव्याच लागतात, हे अशा स्थित्यंतरांतून दिसते.

२००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे संगणकाचे प्राथमिक शिक्षण गावोगावी पोहोचले आणि घरगुती संगणकांची संख्या वाढली. त्या काळातील मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर युनिकोडपूर्व टंकांत लिहिला गेला. प्रश्नपत्रिका, संस्थांची इतिवृत्ते, हिशेब, वंशावळी, कविता व आत्मचरित्रांची हस्तलिखिते असा हा मजकूर अनेक घरांत एकाच जुन्या संगणकावर साठवलेला असतो. त्याची दुसरी प्रत बहुधा कोठेही नसते.

काय न्यावे

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स आणि डेस्कटॉप हे फोल्डर सर्वांच्या लक्षात राहतात. विंडोज प्रणालीत हे सर्व फोल्डर सामान्यतः सी ड्राइव्हवरच असतात. त्यामुळे डेस्कटॉपवर ठेवलेली संचिकाही सी ड्राइव्हच्या पुनर्स्वरूपणाबरोबर पुसली जाते. पुढील गोष्टी विस्मरणात जाण्याची शक्यता अधिक असते:

• विंडोज फोल्डरातील 'फॉन्ट्स' या उपफोल्डरातील मराठी टंक
• टॅलीसारख्या हिशेबाच्या आज्ञावलीचा विदा फोल्डर
• आउटलुकसारख्या आज्ञावलीत संगणकावरच साठवलेला ईपत्रांचा संग्रह
• न्याहाळकातील वाचनखुणा व साठवलेले परवलीचे शब्द
• घरातील इतर व्यक्तींच्या स्वतंत्र खात्यांतील संचिका
• आज्ञावलींचे परवाना क्रमांक, तसेच मुद्रक व स्कॅनर यांच्या चालक आज्ञावली

बसवलेल्या आज्ञावल्यांचे फोल्डर नुसते उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवल्यास त्या बहुधा चालत नाहीत; त्या मूळ प्रतीवरून पुन्हा बसवाव्या लागतात. वनड्राइव्हसारखी मेघसेवा सुरू असल्यास काही संचिकांचे केवळ चिन्ह संगणकावर असते व प्रत्यक्ष मजकूर सेवादात्याकडे असतो. अशा संचिका आधी पूर्ण उतरवून घ्याव्या लागतात.

स्थानांतरणाच्या पद्धती

बाह्य हार्ड डिस्क व पेनड्राइव्ह

ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. मधल्या साधनावर नक्कल करून ती दुसऱ्या संगणकावर उतरवली जाते; मधल्या साधनावरील प्रत तशीच ठेवल्यास आपोआप एक जादा प्रत मिळते. यूएसबी २.० हे २००० मधील मानक ४८० मेगाबिट प्रतिसेकंद, तर २००८ मधील यूएसबी ३.० हे ५ गिगाबिट प्रतिसेकंद या कमाल वेगाचे आहे. प्रत्यक्ष वेग याहून कमी असतो. यूएसबी २.० वर सेकंदाला सुमारे ३० मेगाबाइट वेग मिळाल्यास १०० गिगाबाइट विदेला तासाभराचा अवधी लागतो. एका मोठ्या संचिकेपेक्षा हजारो लहान संचिकांना अधिक वेळ लागतो.

अनेक पेनड्राइव्ह 'फॅट ३२' या रचनेत असतात. या रचनेत ४ गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकच संचिका मावत नाही. लग्नसमारंभाच्या चित्रफिती अशा वेळी अडतात व जागा शिल्लक असूनही नक्कल नाकारली जाते. पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' रचनेत पुनर्स्वरूपित केल्यास ही मर्यादा राहत नाही. मात्र तसे करताना पेनड्राइव्हवरील आधीचा मजकूर पुसला जातो. पेनड्राइव्हमार्फत विषाणूही संक्रमित होतात, म्हणून नव्या संगणकावर संचिका उघडण्यापूर्वी विषाणूविरोधी आज्ञावलीने तपासणी केली जाते.

नेटवर्क केबल

दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडून किंवा एकमेकांना थेट केबलने जोडून फोल्डर सामायिक करता येतो. फार जुन्या यंत्रांत थेट जोडणीसाठी 'क्रॉसओव्हर' प्रकारची केबल लागते. नव्या यंत्रांत साधी केबल चालते. थेट जोडणीत पत्ते वाटून देणारे राउटर नसल्याने दोन्ही संगणक १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतात. हा बिघाड नसून अपेक्षित वर्तन आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीवर १०० गिगाबाइट विदेला सुमारे अडीच तास लागतात, तर गिगाबिट जोडणीवर हार्ड डिस्कचा वेग पुरेसा असल्यास हेच काम पाव तासाच्या आसपास होते. काम संपल्यावर फोल्डराचे सामायिकीकरण बंद केले जाते.

बिनतारी जोडणी व मेघसेवा

वाय-फायवरून स्थानांतरण करण्याची रीत केबलप्रमाणेच असते. परंतु वेग भिंती, अंतर व राउटर यांवर अवलंबून असल्याने मोठ्या संग्रहासाठी केबल सोयीची ठरते. मेघसेवेत संचिका आधी आंतरजालावर चढवून मग उतरवाव्या लागतात. निवडक महत्त्वाच्या संचिकांसाठी ही पद्धत उपयुक्त आहे.

हार्ड डिस्क काढून जोडणे

जुना संगणक सुरूच होत नसेल, तर त्याची हार्ड डिस्क काढून यूएसबी जोडणीच्या पेटीत बसवतात व दुसऱ्या संगणकाला जोडतात. हार्ड डिस्क 'बिटलॉकर'ने कूटबद्ध असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते. ही किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवणे हितावह असते.

कोणत्याही पद्धतीत संचिका 'कापून' नेण्याऐवजी तिची नक्कल केली जाते. हलवण्याची क्रिया चालू असताना वीज गेल्यास काही संचिका इकडे व काही तिकडे अशी स्थिती होते. नक्कल करताना मात्र मूळ संग्रह जागेवरच राहतो. पेनड्राइव्ह 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा दिल्यानंतरच काढतात, कारण पडद्यावर काम संपलेले दिसले तरी शेवटचा भाग लिहिला जाणे बाकी असू शकते.

मराठी संचिकांचे वैशिष्ट्य

देवनागरी लिपीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत झाला. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडचा आधार विंडोज २००० पासून मिळू लागला व त्यासोबत 'मंगल' हा टंक आला. तरीही मुद्रण व्यवसायात आणि घरगुती वापरात श्रीलिपी, आकृती, शिवाजी, किरण तसेच सी-डॅकचा डीव्ही-टीटी सुरेख यांसारखे टंक पुढेही दीर्घकाळ वापरले गेले.

युनिकोडपूर्व टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार बसवलेले असतात. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचाच असतो. टंक असेपर्यंत तो मराठी दिसतो. सी ड्राइव्हचे पुनर्स्वरूपण होताच टंक नाहीसा होतो आणि त्यानंतर तीच संचिका उघडल्यास निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. संचिका बिघडलेली नसते. ती वाचण्याचे साधन हरवलेले असते. अशी संचिका निकामी समजून पुसून टाकणे हा खरा तोटा ठरतो.

या अडचणीवर तीन उपाय वापरले जातात. पहिला, मूळ टंक संचिकांसोबत वेगळ्या फोल्डरात जपून ठेवणे व टंकाचे नाव लिहून ठेवणे. दुसरा, जुन्या संगणकावर मजकूर नीट दिसत असतानाच त्याची टंकासहित पीडीएफ प्रत काढणे; या प्रतीत अक्षरांचे आकार अंतर्भूत असल्याने ती कोठेही वाचता येते, परंतु तीत संपादन करणे कठीण असते. तिसरा, परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे. प्रत्येक टंकाची संकेतरचना निराळी असल्यामुळे एका टंकाचा परिवर्तक दुसऱ्यास चालत नाही. म्हणूनच टंकाचे नाव माहीत असणे महत्त्वाचे ठरते.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन करावे लागते. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते. रफार, 'ऱ्या'सारख्या शब्दांतील अर्धा र, जोडाक्षरे आणि ऍ, ऑ यांसारखी अक्षरे या ठिकाणी चुका राहण्याचा संभव असतो. संख्या व मध्येच आलेले इंग्रजी शब्दही परिवर्तकामुळे बदलू शकतात. त्यामुळे रूपांतरित प्रतीबरोबर मूळ संचिकाही राखून ठेवली जाते.

काही जुन्या मराठी आज्ञावल्या संगणकाला जोडलेल्या 'डोंगल' या उपकरणाशिवाय चालत नाहीत. अशा वेळी जुना संगणक चालू अवस्थेत असतानाच पीडीएफ व रूपांतरित प्रती काढून घेणे सोयीचे असते.

पडताळणी

नक्कल पूर्ण झाल्याचा संदेश हा पडताळणीचा पर्याय नव्हे. दोन्ही बाजूंच्या फोल्डरांचे गुणधर्म उघडून संचिकांची संख्या व बाइटमधील एकूण आकार यांची तुलना केली जाते. 'तबकडीवरील आकार' हा आकडा मात्र रचनेनुसार बदलू शकतो; त्यातील फरक दोष मानला जात नाही. अधिक काटेकोर तपासणीसाठी एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने प्रत्येक संचिकेचा ठसा काढतात. दोन्ही प्रतींचे ठसे जुळल्यास त्या तंतोतंत समान असल्याचे समजते.

यानंतर दोन्ही संगणकांमधील जोडणी तोडून संचिका प्रत्यक्ष उघडून पाहिल्या जातात. जोडणी कायम असल्यास उघडलेली संचिका जुन्या संगणकावरचीच असू शकते. तसेच डेस्कटॉपवरील 'शॉर्टकट' म्हणजे संचिका नव्हे, हेही याच वेळी लक्षात येते. प्रत्येक प्रकारातील काही संचिका, सर्वांत मोठी चित्रफीत आणि प्रत्येक टंकातील किमान एक मराठी संचिका उघडून पाहणे उपयुक्त ठरते.

एकच प्रत पुरेशी मानली जात नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, असा संकेत रूढ आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आले. अशा आपत्तीत संगणक व त्याशेजारच्या कपाटातील बाह्य हार्ड डिस्क एकाच वेळी भिजू शकतात. म्हणून एक प्रत परगावच्या नातेवाइकांकडे किंवा मेघसेवेत ठेवली जाते.

पुनर्स्वरूपणाच्या वेळची दक्षता

घरगुती संगणकात एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे विभाग पाडलेले असतात व पुष्कळदा केवळ सी विभाग पुनर्स्वरूपित केला जातो. तथापि विंडोज बसवताना दिसणाऱ्या पडद्यावर ही अक्षरे नसून 'ड्राइव्ह ०, पार्टिशन २' असे क्रमांक व आकार दिसतात. चुकीचा विभाग निवडला गेल्यास डी विभागातील संग्रह नष्ट होतो. यासाठी प्रत्येक विभागाचा आकार आधी कागदावर लिहून ठेवतात आणि बाह्य हार्ड डिस्क व पेनड्राइव्ह काढून ठेवतात. प्रणाली बसवण्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह तेवढा जोडलेला असतो. काम तंत्रज्ञाकडे सोपवल्यास ही टिपणी त्याला दिली जाते. डी विभाग त्याच हार्ड डिस्कवर असल्याने तेथील नक्कल सी विभागाच्या पुनर्स्वरूपणात टिकते, परंतु हार्ड डिस्क बिघडल्यास दोन्ही विभाग एकदमच जातात.

मधल्या साधनावरील प्रत नवी प्रणाली बसवल्यावर लगेच पुसली जात नाही. वार्षिक हिशेब किंवा जुनी प्रश्नपत्रिका यांसारख्या क्वचित लागणाऱ्या संचिकांची उणीव अनेक महिन्यांनी ध्यानात येते.

हे सुद्धा पहा

• हार्ड डिस्क
• युनिकोड
• देवनागरी
• संगणक विषाणू
• कोडोली
• वारणानगर