नोकरी जगभर, छंद ढाणकीपर्यंत

या पॉडकास्टला एक प्रश्न सारखा येतो, आणि तो पोट्ट्यांपेक्षा त्यांचे मायबाप जास्त विचारतात. पोरगं कॉम्प्युटर इंजिनिअर होतंय, मग त्याला हे गाणं, नाटक, इतिहासाची पुस्तकं कशाला? मी ढाणकीचा. पोटासाठी पुण्यात कोड लिहितो आणि रात्री हे इतिहासाचे भाग रेकॉर्ड करतो, म्हणजे प्रश्न माझ्याही घरातलाच. उपदेश करण्यापेक्षा आज एका माणसाचा प्रवास बघू. अच्युत गोडबोले.

गोडबोले सोलापूरचे. 1972 साली आयआयटी मुंबईतून केमिकल इंजिनिअर झाले. आता 1972 म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना पहिल्यांदा दुष्काळ आठवतो. खडी फोडायची कामं, सुकडी. मुख्यमंत्री होते आपल्या शेजारच्या, पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्याच काळात तिकडे शहाद्याला भिल्ल शेतमजूर अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले होते. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, आता नंदुरबारमध्ये आहे. सावकारांकडे आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेलेल्या जमिनी परत द्या, मजुरी नीट द्या, अशी साधी मागणी होती. शहरातली काही शिकलेली पोरं या चळवळीत गेली. गोडबोले त्यांतले एक. 10 दिवस तुरुंगातही राहिले. आयआयटीची डिग्री हातात असताना, बरं का!

मग ते सॉफ्टवेअरमध्ये आले. हा धंदा तेव्हा कसा होता, ते जरा समजून घ्या. टीसीएस 1968 साली मुंबईत सुरू झाली होती, अंधेरीचं सीप्झ 1973 सालचं. कॉम्प्युटरची वेगळी शाखा बहुतेक कॉलेजांत नव्हतीच. त्यामुळे कुणी केमिकलवाला, कुणी गणितवाला, कुणी इलेक्ट्रिकलवाला, असे सगळे आपापलं शिकत प्रोग्रामर झाले. प्रोग्राम कार्डांवर भोकं पाडून लिहायचा. एका कार्डावर 80 रकाने, म्हणजे कोडची एक ओळ. गठ्ठा हातातून सांडला की कार्डं परत क्रमानं लावत बसा. अशा काळात सुरुवात करून गोडबोले पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक अशा कंपन्यांमध्ये वर चढत गेले. इंग्लंड-अमेरिकेत काम केलं, कंपन्यांच्या प्रमुखपदापर्यंत पोचले. ऑपरेटिंग सिस्टिम्सवर इंग्रजीत जाडजूड पाठ्यपुस्तकं लिहिली.

इथपर्यंत ही यशस्वी करिअरची गोष्ट झाली. अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो.

पण या माणसाला दुसरीही भूक होती. रागसंगीत आवडायचं, तर बहीण सुलभा पिशवीकर यांच्यासोबत 'नादवेध' लिहिलं. उद्योगजगताच्या गोष्टी अतुल कहाते यांच्यासोबत 'बोर्डरूम'मध्ये आल्या. शास्त्रज्ञांवर 'किमयागार', अर्थशास्त्रावर 'अर्थात', मानसशास्त्रावर 'मनात', आणि माधवी ठाकूरदेसाई यांच्यासोबत 'गणिती'. सगळं मराठीत, घरात बसून गप्पा माराव्यात अशा भाषेत.

माझा मुद्दा इथे आहे. ज्या कंपन्या त्यांनी चालवल्या, त्यांची शाखा काही ढाणकीला निघाली नाही. पैनगंगेच्या या टोकाला, जिथे पलीकडे मराठवाडा सुरू होतो, तिथे सॉफ्टवेअर कंपनी कशाला येईल? पण 'किमयागार' आलं. मी ते एका सरांकडून मागून वाचलं, अकरावीला. न्यूटनचे नियम पाठ होते. न्यूटन माणूस म्हणून कसा होता, ते पहिल्यांदा कळलं, आणि तेही माझ्या भाषेत. करिअरचा फायदा त्यांना, त्यांच्या कंपन्यांना झाला. छंदाचा फायदा माझ्यासारख्या, त्यांना कधीही न भेटलेल्या पोराला झाला.

आता दुसरी बाजू. गोडबोल्यांपाशी आयआयटीची डिग्री होती. चळवळीतून परत आलं तरी पायाखाली जमीन होती. ज्याच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज आणि घरी 3 एकर कोरडवाहू कापूस आहे, त्याला 'छंद जोपास' म्हणणं सोपं नाही. मलाही घरी पैसे पाठवून झाले की मगच माईक विकत घेता आला. म्हणून मी मायबापांना एवढंच म्हणतो, नोकरी आधी, अगदी कबूल. पण पोराच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ नका. त्याला पैसे लागत नसतील तर अजिबातच नको.

आणि पुस्तकं फुकट वाचायची सोय आपल्याकडे आहे. 1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या गावोगावच्या वाचनालयांना त्यामुळे सरकारी अनुदान मिळतं. तुमच्या जवळच्या वाचनालयात जाऊन 'किमयागार' मागा. नसेल तर मागणी नोंदवा. वाचक मागतो तेव्हाच पुस्तक येतं.

पुढचा भाग अंबरसिंग महाराजांवर, शहाद्याची गोष्ट सविस्तर. तोवर काळजी घ्या, आणि पेरणी आटोपली असेल तर ऐकत राहा.