मराठा राज्यमंडळातील सार्वभौमत्व

मराठा राज्यमंडळ ही अठराव्या शतकातील मराठी सत्तेची संघात्मक स्वरूपाची रचना होय. तीत साताऱ्याचे छत्रपती सर्वोच्च व पेशवे त्यांचे प्रधान होते. नागपूरकर भोसले, शिंदे, होळकर व गायकवाड आपापल्या प्रदेशांत जवळजवळ स्वायत्त होते. सैन्य, तह व परराज्यांशी व्यवहार यांचा अंतिम अधिकार कोणाचा, हा या रचनेतील मूलभूत प्रश्न होता.

वैचारिक पार्श्वभूमी

युरोपात झां बोदँ याने १५७६ मध्ये सार्वभौमत्व अविभाज्य मानले, तर योहानेस आल्थुसियस याने १६०३ मध्ये नगरे, प्रांत इत्यादी समूहांच्या करारातून राज्य घडते, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्रात हा प्रश्न वतनाच्या रूपाने पुढे आला. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (सु. १७१६) वतनदारांना राजसत्तेत वाटा मागणारे मानून त्यांच्यावर अंकुश ठेवण्याचा सल्ला आहे. व्यवहारात मात्र शाहूंच्या काळात सरंजाम वंशपरंपरागत होत गेले.

वऱ्हाडातील दुहेरी अंमल

१७१९ च्या मोगल सनदांनी मराठ्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांत चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखी (दहावा हिस्सा) मिळाली. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर वऱ्हाड निजामाच्या ताब्यात गेला, तरी वसुलीत भोसल्यांचा हिस्सा राहिला. त्यामुळे आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा, धनज यांसह या प्रांतातील रयतेवर दोन सत्तांचा हक्क होता.

कनकापूरचा तह

१७६३ मध्ये जानोजी भोसले काही काळ निजामास मिळाले व पुढे त्यांनी रघुनाथरावांची बाजू घेतली. माधवराव पेशव्यांनी त्यांच्यावर मोहीम काढली व मार्च १७६९ मध्ये कनकापूर येथे तह झाला. पेशव्यांच्या संमतीवाचून जानोजींनी फौज वाढवू नये, परसत्तांशी राजकारण करू नये आणि बोलावताच चाकरीस यावे, असे ठरले. अंतर्गत कारभार भोसल्यांकडेच राहिला.

परिणाम

ही वाटणी पेशव्यांच्या सामर्थ्यावर अवलंबून होती. सर्व सरदारांना बांधणारा लेखी करार नव्हता. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह केला, तेव्हा शिंदे व भोसले यांनी तो मानला नाही. त्यातून झालेल्या युद्धात पराभव होऊन भोसल्यांनी १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील हक्क सोडला. हा प्रदेश पुढे मुख्यतः निजामाकडे गेला व तेथील दुहेरी अंमल संपला.