हिरवळीची तहान

१२ एप्रिल २०१६ रोजी पाण्याने भरलेली पहिली रेल्वेगाडी मिरजेहून लातूरला पोचली. दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि पाणी भरण्याच्या जागांवर मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लावावी लागली होती. दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. कारण होते मैदानावरचे गवत. मुंबई, पुणे आणि नागपूर येथील मैदाने हिरवी ठेवण्यासाठी सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल, असा अंदाज त्या वेळी मांडला गेला होता. गवताला किती पाणी द्यावे हा प्रश्न एरवी माळीबुवांचा. तो त्या आठवड्यात न्यायालयात गेला.

पुढे गाडीच्या टाक्या पन्नास झाल्या आणि खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या आसपास होती. भागाकार केला तर माणशी साडेसहा लिटर येतात. अर्थात टँकर आणि विंधन विहिरी यांचेही पाणी होते. तरीही हा आकडा लक्षात ठेवावा, कारण तो थोड्या वेळाने पुन्हा भेटणार आहे.

घरापुढे कातरलेले गवत राखण्याची हौस मूळची आपली नव्हे. फ्रान्सिस बेकन या इंग्रज विचारवंताने १६२५ साली बागांवरील आपल्या निबंधात बारीक कातरलेल्या हिरव्या गवताइतके डोळ्यांना सुखावणारे दुसरे काही नाही, अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे. तेव्हा गवत विळ्याने कापत किंवा मेंढ्यांकडून चारून घेत, म्हणून हिरवळ ही सरदारांचीच मिरास होती. १८३० मध्ये एडविन बडिंग याने कापडगिरणीत लोकरी कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून गवत कापण्याचे यंत्र बनवले, आणि हिरवळ मध्यमवर्गीयांच्या दारात आली. आपल्याकडे ती साहेबाच्या बंगल्याबरोबर आली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे इथे ती जरा उशिरा रुजली, पण नांदेड-लातूरच्या नव्या वसाहतींमध्ये बंगल्यापुढे चार हात ‘लॉन’ हवेच, असे आता झाले आहे.

इथे एक गंमत आहे. लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. लातूरची सरासरी त्याहून जास्त, आणि नांदेडची तर आणखी जास्त. मग इंग्लंडातले गवत हिरवे आणि आपले मे महिन्यात पिवळे, असे का? लंडनचा पाऊस बाराही महिने वाटून पडतो, आपला बहुतेक सगळा चार महिन्यांत येऊन जातो, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर हवेत आहे. हवा किती पाणी मागते ते मोजल्याशिवाय ते सापडत नाही.

हे मोजमाप कसे करावे ते इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात हॉवर्ड पेनमन या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवले. १९४८ साली त्याने उघडे पाणी, उघडी जमीन आणि गवत यांवरून होणाऱ्या बाष्पीभवनाचे सूत्र मांडले. ऊन, वारा, तापमान आणि हवेतील ओलावा एवढ्या चार गोष्टी माहीत असल्या की पाणी किती उडेल ते सांगता येऊ लागले. पुढे या सूत्रात सुधारणा होत गेल्या. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जगभरासाठी जे प्रमाण ठरवले त्यातही मापदंड गवताचाच आहे : बारा सेंटिमीटर उंचीची, पाण्याची ददात नसलेली काल्पनिक हिरवळ. म्हणजे साहेबाच्या हौसेचे गवत शेवटी जगातल्या सगळ्या पिकांची तहान मोजण्याची फूटपट्टी झाले.

ही फूटपट्टी मराठवाड्यात मे महिन्यात लावली तर दिवसाला सात ते आठ मिलिमीटर असे उत्तर येते. हरळीच्या जातीच्या गवताला याच्या सुमारे ऐंशी टक्के पाणी लागते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर (हे गणित सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घ्यावे). तेव्हा एक चौरस मीटर हिरवळ रोज सहा-साडेसहा लिटर पाणी पिते. मघाचा आकडा आठवावा. रेल्वेने आलेले एका लातूरकराच्या वाट्याचे पाणी आणि एका चौरस मीटर गवताची एका दिवसाची तहान जवळजवळ सारखीच. पाचशे चौरस फुटांचे लॉन असेल तर रोज तीनशे लिटरच्या आसपास, म्हणजे मोठे दीड पिंप.

म्हणून शहरातल्या लॉनमुळे मांजरा आटली असे मात्र कोणी म्हणू नये. उसाच्या एका हेक्टरला वर्षाला दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. मांजरेच्या खोऱ्यात ऊस किती असावा हा त्याहून फार मोठा, आणि फार कडू, प्रश्न आहे.

गवताची बाजू घेऊनही थोडे बोलले पाहिजे. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या कोरड्या माळरानावर ब्रिग्ज आणि शान्त्झ या दोघांनी १९१० नंतरच्या काही वर्षांत शेकडो पिंपांमध्ये पिके वाढवली आणि पाणी तोलून तोलून घातले. एक किलो वाळलेले पीक तयार व्हायला लसूणघासाला आठशे किलोहून अधिक पाणी लागले, गव्हाला सुमारे पाचशे, आणि ज्वारीला तीनशेच्या आसपास. ज्वारी एवढ्या काटकसरीने कशी जगते हे कोडे पन्नास वर्षे तसेच राहिले. १९६० नंतर हवाईमध्ये कोर्टशाक याने आणि १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ते उसावर काम करताना सोडवले. या वनस्पती कर्बवायू आधी चार कर्बअणूंच्या आम्लात बांधून आतल्या पेशींकडे पोचवतात, त्यामुळे पर्णरंध्रे फार उघडी न ठेवताही त्यांचे भागते. यालाच सी-४ पद्धत म्हणतात. ज्वारी, ऊस आणि आपल्या गणपतीची दूर्वा, म्हणजेच हरळी, तिघीही याच घराण्यातल्या.

ज्या हरळीला शेतकरी शिव्या देतो आणि उन्हाळी नांगरटीत जिची मुळकांडे वर काढून उन्हात तळतो, तीच या हवेतली सगळ्यात शहाणी हिरवळ आहे. पाणी तोडले की वरचे पाते वाळते, पण जमिनीतले कांडे जिवंत राहते आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठ-दहा दिवसांत हिरवे होते. मे महिन्यात पिवळे पडलेले हरळीचे लॉन मेलेले नसते, झोपलेले असते. रोपवाटिकेतून आणलेल्या मऊ, परदेशी जातींच्या गाद्यांना ही झोप इतकी चांगली जमत नाही. हरळीही उन्हाळ्यात फार खाली कापू नये. उंच पात्यांची सावली जमिनीवर पडते आणि मुळे खोल राहतात.

आता अंगणाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. तुळस, सब्जा, पुदिना, कढीपत्ता, अडुळसा. ही मंडळी हरळीसारखी काटकसरी नाहीत. त्यांची जुनी सी-३ पद्धत भर उन्हात पाणी उधळते. आपल्या पूर्वजांनी त्यांना जपण्याचे उपाय शोधले होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. लावलेल्या झाडांना ग्रीष्मात सकाळी आणि संध्याकाळी, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकेल तेव्हाच पाणी द्यावे, असे तो सांगतो. भर दुपारचे पाणी त्यात नाही. वैशाखात शंकराच्या पिंडीवर गळती बांधतात, कित्येक घरी तुळशीवरही बांधतात. थेंबाथेंबाने मुळाशीच पाणी देण्याची ही रीत श्रद्धेपोटी टिकली. तीच कल्पना नळ्यांच्या रूपात सिम्चा ब्लास याने इस्राएलमध्ये विकसित केली आणि १९६५ पासून तिचा कारखाना निघाला. चीनमध्ये तर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच जमिनीत मडकी पुरून भोवती वेल लावत. भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मडक्यातून पाणी माती सुकेल तसे झिरपते. मराठवाड्याच्या काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीत पुदिन्याच्या वाफ्याला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. वर पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्यावा. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि कर्दळ वाढवण्याची आपल्या आजीची पद्धत नव्या घरांत गटारात गेली, याचे वाईट वाटते.

तिसऱ्या पद्धतीचा पहिला धागा तर हिंदुस्थानातच सापडला. बेंजामिन हाइन हा मिशनरी म्हणून आलेला आणि पुढे मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा वनस्पतिशास्त्रज्ञ झालेला माणूस. पानफुटीचे पान सकाळी चघळले तर आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू, असे त्याच्या ध्यानात आले. १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात त्याची ही नोंद छापली गेली. हातात ना उपकरण ना रसायन, नुसती जीभ! पानफुटी आणि कोरफड रात्री पर्णरंध्रे उघडतात, कर्बवायू आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारे लावून तो वापरतात. सकाळचा आंबटपणा म्हणजे ती रात्रीची साठवण. हा सगळा व्यवहार नीट उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. कोरफडीला उन्हाळ्यात रोज पाणी घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ती तहानेने क्वचितच मरते, पाण्याने कुजते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाचा आहे. १७२७ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने कुंडीतल्या सूर्यफुलाची हकिकत दिली आहे. कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद करून तो ती रोज सकाळ-संध्याकाळ तोलत असे. साडेतीन फुटी झाडाने दिवसाच्या बारा तासांत सरासरी वीस औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी हवेत सोडले. आपण पत्र्याऐवजी प्लॅस्टिकची पिशवी खोडाशी बांधावी, एक कुंडी तुळशीची आणि एक कोरफडीची घ्यावी, आणि दोन्ही सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता तोलाव्यात. मार्चमध्ये, सुट्टी लागण्यापूर्वी, सलग पाच दिवसांच्या नोंदी घेता येतात. कोरफडीच्या दिवसाच्या आणि रात्रीच्या आकड्यांची तुलना जरूर करावी.