प्यादं पहिल्यांदा किती घरं?

मुरबाडकडच्या गावांत बुद्धिबळाचा पट मांडला की वाद ठरलेला. मोबाईलवर शिकलेली पोरं कॅसलिंग करतात, तर जुनी माणसं विचारतात, “एका चालीत दोन मोहरी कशी?” त्यांनी राजा घोड्यासारखा अडीच घरं उडवला की पोरं हसतात. माझ्या मते इथे कुणीच चुकत नाही. दोघं वेगवेगळे खेळ खेळतायत.

देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीतही सहसा एकच घर चाले. कॅसलिंग नव्हतं, शह बसण्याआधी राजाला एकदाच घोड्याची चाल मिळे. शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात जाई, तेच मोहरं होई. प्रांतागणिक यातही फरक असे.

१८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळाचं संस्कृत पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचं त्याच्या नावातच सांगितलं होतं. म्हणजे दोन पद्धतींचा प्रश्न तेव्हाही होता. पंजाबचा सुलतान खान देशी नियमांवर वाढला, युरोपीय नियम नंतर शिकला आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झाला.

पण देशी म्हणजे मूळ, असंही नाही. जुन्या खेळात वजीर तिरका एकच घर चाले. त्याला आजची ताकद पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात मिळाली, ती आपणही घेतली.

स्पर्धेत फिडेचेच नियम. घरी मात्र पहिल्या चालीआधी समोरच्याचे नियम विचारा, फोनमध्ये लिहून ठेवा. ते तोंडीच चालत आलेत. सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.